बंगला राहिला, वखार चालली

तर झालं असं. आमच्या आजोळच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एरवी गुलाबाची फुलं, कोणाचे तरी वाढदिवस आणि 'डहाणू लोकल आज पुन्हा लेट' यापलीकडे काही येत नाही. दोन आठवड्यांपूर्वी मात्र ग्रुप एकदम जागा झाला. कारण काय, तर 'शेठचा बंगला' वाचला! शेठच्या मुंबईतल्या नातवंडांनी तो एका पार्टीला दिलाय आणि ती पार्टी तिथे हेरिटेज होमस्टे काढणार आहे. सागवानी जिना, रंगीत काचांच्या खिडक्या, जुनी फरशी, सगळं जसंच्या तसं ठेवून. लगेच अंगठे, टाळ्या, डोळ्यात पाणी आलेले चेहरे. एका मावशीने लहानपणी त्या बंगल्याच्या व्हरांड्यात (आत नाही, व्हरांड्यात) प्यायलेल्या सरबताची आठवण लिहिली. 

या सगळ्या आनंदीआनंदात बोईसरच्या मामाने एकच ओळ टाकली होती. "वखार मात्र पाडतायत. पावसाच्या आधी."

त्यावर एकही अंगठा नाही. पुढचा मेसेज होमस्टेचे रेट काय असतील याबद्दलचा होता.

मला त्या वखारीचं एवढं का लागावं? तर माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, त्या वखारीत दिवाणजी होते. बंगल्याशी आमच्या घराचा संबंध व्हरांड्यापुरता. वखारीशी मात्र पोटापुरता. त्या वखारीच्या पगारावर आई आणि मामा शिकले, आणि आई शिकली म्हणून मी आज वातानुकूलित ऑफिसात बसून दुसऱ्यांचे बग शोधतो. असो. शनिवारी विरारहून डहाणू लोकल पकडली आणि गेलो.

आता वखार म्हटल्यावर तुमच्यातल्या बहुतेकांना लाकडाची वखार आठवेल. ही गवताची. होय, गवताची! मुंबईत वाढलेल्या मित्रांना हे सांगितलं की ते हसतात. गवताचा कसला धंदा? पण विचार करा. मुंबईत ट्रॅम १८७४ साली सुरू झाली आणि १९०७ पर्यंत ती घोडे ओढत होते. शिवाय व्हिक्टोरिया, माल वाहणारे बैल, पोलिसांचे घोडे, आणि सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे शहरभर पसरलेले म्हशींचे तबेले. १९४९ साली आरे कॉलनी सुरू झाली तेव्हा त्यातले काही तबेले तिकडे गेले, पण म्हशींना खायला गवत हवंच. आज आपण पेट्रोल पंप म्हणतो ना, तसा हा मुंबईचा पंप होता. आणि तो होता आपल्या पालघर, बोईसर, वाणगाव, डहाणूच्या पट्ट्यात.

पावसाळ्यानंतर इथल्या माळांवर आणि डोंगरउतारांवर कमरेएवढं गवत उभं राहतं. दिवाळीच्या सुमाराला ते कापायचं, वाळवायचं, डोक्यावरून नाहीतर गाडीतून वखारीत आणायचं. तिथे वजन व्हायचं. मग प्रेसमध्ये दाबून गाठी बांधायच्या, बैलगाडीने स्टेशनवर न्यायच्या आणि वाघिणींत भरून मुंबईला पाठवायच्या. १८६०च्या दशकात ही रेल्वे लाइन आली आणि उतारावरच्या गवताला एकदम भाव आला. गवताला, बरं का. कापणाऱ्याला नाही. त्याच्याकडे येतोच.

मामाने स्टेशनवरून स्कूटरवर घेतलं. बोईसर आता ओळखू येत नाही. एमआयडीसीची गर्दी, पूर्वेला बुलेट ट्रेनचं काम, नवे टॉवर, जिकडेतिकडे 'वन बीएचके फक्त' असे बोर्ड. मनोर रोडने थोडं आत गेलं की शेठची जुनी मिळकत लागते. मिळकत म्हणजे फक्त बंगला नव्हे हं. बंगला, त्याच्यामागे आंब्या-चिकूची वाडी, रहाटाची विहीर आणि तिच्यापासून निघालेली दगडी पन्हळ, गोठा, भाताचं कोठार, खळं, वखार, आणि कुंपणाच्या बाहेर गड्यांच्या झोपड्या. झोपड्या आता नाहीत. कारवीच्या कुडाचं घर, लिंपण थांबलं की चार पावसाळ्यांत मातीत जातं. गोठ्याचा नुसता जोता उरलाय. विहिरीत झाड उगवलंय.

वखार मात्र उभी होती. लांबलचक, साधारण शंभर फुटांची शेड. मंगलोरी कौलं, बरीचशी फुटलेली. मी शाळेत असताना ती पाहिली होती, पण तेव्हा तिथे फक्त धूळ आणि वटवाघळं दिसली होती. या वेळी नीट बघितली आणि खरं सांगतो, इंजिनिअर म्हणून थक्क झालो.

जोतं कमरेएवढं उंच, दगडी, म्हणजे पावसाचं पाणी आत शिरायला नको. जोत्यावर भिंत नाहीच. लाकडाच्या उभ्या पट्ट्या, दोन पट्ट्यांत चार बोटं फट. का? कारण ओलसर गवत रचून ठेवलं की ते आतून तापतं. नुसतं तापत नाही, वारा लागला नाही तर काडी न ओढता पेटतं! म्हणून आरपार वारा. कौलांच्या वळचणी हातभर पुढे काढलेल्या, म्हणजे फटींतून वारा येईल पण तिरका पाऊस येणार नाही. वखार बंगल्यापासून लांब, विहिरीपासून जवळ. आग लागलीच तर बंगला वाचावा आणि पाणी हाताशी असावं. आर्किटेक्टचं नाव कुठेही नाही. कोण्या गावच्या सुताराने आणि गवंड्याने हे सगळं डोक्यात ठेवून बांधलं असेल. आमच्याकडे एवढ्या गोष्टींचा विचार करायला तीन मीटिंगा लागतात :)

बंगला म्हणजे युजर इंटरफेस. देखणा, पाहुण्यांसाठी. सगळा धंदा चालत होता तो मागे, बॅकएंडला. आणि जो कोणी जुनं सॉफ्टवेअर सांभाळतो त्याला ठाऊक आहे, सिस्टिम खरी कशी चालते ते स्क्रीन बघून कळत नाही. त्यासाठी मागचा कोड उघडावा लागतो.

तो कोड मला वखारीच्या दारात सापडला.

दारातून आत शिरलं की डाव्या हाताला एक छोटी लाकडी खोली आहे. तिला पेढी म्हणायचे, मामा म्हणाला. आजोबा इथे बसत. पेढीला एक खिडकी, आणि खिडकीच्या समोर तुळईला मोठा लोखंडी आकडा. त्या आकड्याला काटा टांगलेला असायचा. काटा आता कोपऱ्यात पडलाय, वजनांपैकी एक सापडलं, त्यावर इंग्रजीत ५६ पौंड. मी पेढीत जाऊन आजोबांच्या जागी बसलो. खिडकीतून आकडा बरोबर नजरेसमोर येतो. मग बाहेर आलो आणि जिथे गवत घेऊन आलेला माणूस उभा राहत असेल तिथे, दाराच्या पायरीखाली उभा राहिलो. तिथून आकडा दिसत नाही. मध्ये पेढीची भिंत येते.

दोन-तीनदा आत-बाहेर केलं. मामा बघत होता. शेवटी म्हणाला, "अरे, ते तसंच आहे. मला लहानपणापासून माहीत आहे."

आता थोडा इतिहास, कारण त्याच्याशिवाय या भिंतीचा अर्थ लागत नाही.

१९३०च्या दशकाच्या शेवटी सायमिंग्टन नावाच्या एका आयसीएस अधिकाऱ्याने मुंबई इलाख्यातल्या आदिवासींच्या स्थितीवर सरकारला अहवाल दिला. इंग्रज सरकारचाच माणूस, पण त्यातलं ठाणे जिल्ह्यातल्या वेठीचं आणि सावकारीचं वर्णन वाचवत नाही. लग्नासाठी कर्ज काढायचं आणि ते फिटेपर्यंत नवरा-बायको दोघांनी मालकाकडे राबायचं. अशा माणसाला शब्दच होता, 'लग्नगडी'. कर्ज अर्थातच फिटायचं नाही. पुढे १९४५ साली गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या नेतृत्वाखाली किसान सभेने डहाणू-उंबरगाव भागात वारल्यांचा लढा उभा केला. वेठ बंद करा, लग्नगडी सोडा. आणि त्या वर्षी ऑक्टोबरात, ऐन कापणीच्या तोंडावर, एक मागणी होती थेट गवताची. पाचशे पौंड गवत कापायला अडीच रुपये. पाचशे पौंड म्हणजे सव्वादोनशे किलोच्या वर! त्याच महिन्यात तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात पाच जण गेले. गोदावरीबाईंचं 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक १९७० साली आलं, त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कारही मिळाला. आपल्यापैकी अनेकांच्या घरी ते असेल. माझ्या घरी होतं. मी ते कॉलेजात वाचलं आणि 'जुलमी सावकार' या सदरात टाकून मोकळा झालो. त्या गोष्टीतल्या काट्याच्या शेजारी कोणीतरी वही घेऊन बसलेलं असणार आणि तो माझा आजोबा असू शकतो, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही.

आमची वखार ही बोईसर भागातली, लढ्याच्या मुख्य गावांतली नाही. शेठ काही कादंबरीतला राक्षस नव्हता, असं घरात सगळे सांगतात. तरी मला राहवेना. मामाच्या घराजवळच्या भंगारवाल्याकडे इलेक्ट्रॉनिक काटा आहे. ५६ पौंडांचं वजन स्कूटरवर पायाशी ठेवून तिकडे नेलं. हिशोबाने ते २५.४ किलो भरायला हवं. खोटं निघालं तर ते जड निघणार, म्हणजे गवत जास्त घेऊन नोंद कमी. भरलं पंचवीस किलो शंभर ग्रॅम. गंजाने थोडं झिजलेलं, पण प्रामाणिक. 

मला केवढं हायसं वाटलं म्हणून सांगू! मामाही हसला. वजन खरं होतं तर!

हा आनंद संध्याकाळपर्यंत टिकला. संध्याकाळी आम्ही वाडीच्या मागच्या पाड्यावर गेलो. तिथे एक म्हातारी मावशी आहेत, पंचाहत्तरीच्या. त्यांची आई याच वखारीवर गवत आणायची, त्या स्वतःही लहानपणी आईबरोबर यायच्या. मी मोठ्या उत्साहाने त्यांना वजनाची गोष्ट सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "वजन खरंच होतं बाबा. वजन कोण खोटं करील? आई सांगायची, वजन झाल्यावर दिवाणजी म्हणायचे, गवत ओलं आहे."

एवढंच.

घरी येऊन मामाने माळ्यावरून आजोबांची एक वही काढली. ती आहे हे मला माहीत नव्हतं, आणि मामाने ती का ठेवली होती ते त्यालाही सांगता येईना. मोडीमिश्रित सुंदर अक्षर. नाव, आलेलं वजन, मग एक रकाना 'वजा ओल', मग निव्वळ. आम्ही दोघं दोन पानं ओळीने वाचत गेलो. 'वजा'च्या रकान्यात एकाही ओळीत शून्य नाही. ती पानं पौष महिन्यातली आहेत. दोन-तीन महिने पाऊस नाही, उन्हात वाळून कुरकुरीत झालेलं गवत, आणि प्रत्येकाचं ओलं.

हार्डवेअर बरोबर होतं. गडबड बिझनेस लॉजिकमध्ये होती. आणि ते लॉजिक माझ्या आजोबांच्या अक्षरात होतं.

आजोबा वाईट होते का? मला नाही वाटत. त्यांना तो रकाना आखून दिला असेल, तो भरला नसता तर दुसरा दिवाणजी आला असता. आपणही ऑफिसात असे किती रकाने न विचारता भरतो. पण हे समर्थन म्हणून लिहीत नाहीये. मामा त्या रात्री जेवला नाही, एवढं सांगतो.

आता मूळ मुद्दा. बंगला वाचवला आणि वखार पाडली तर काय बिघडलं?

तुम्ही म्हणाल, अरे बाबा, ज्या जिल्ह्यात जव्हार-मोखाड्याला अजून उन्हाळ्यात पाण्यासाठी पायपीट आहे, तिथे फुटक्या कौलांची शेड कसली जपतोस? बरोबर आहे. मलाही सरकारने हिच्यावर कोटी खर्च करावेत असं अजिबात वाटत नाही. तुम्ही असंही म्हणाल की जुलमाची जागा आहे, पडलेलीच बरी. मीही तेच धरून चाललो होतो. म्हणून मावशींनाच विचारलं, वखार पाडतायत, तुम्हाला काय वाटतं?

"पडू दे की," त्या म्हणाल्या. मग जरा वेळाने, "आणि बंगला?"

बंगला ठेवतायत, मामा म्हणाला. पाहुणे येऊन राहतील.

"मग वखार पण ठेवा. नाहीतर दोन्ही पाडा. आईला बंगल्यात कोणी बोलावलं नाही. ती वखारीत यायची."

यापुढे मी जे लिहीन ते याचाच विस्तार असेल. 

आमच्या क्लायंटकडचा एक जण एडिंबराचा आहे. त्याला कॉलवर हे सांगितलं तर त्याने त्यांच्याकडच्या 'स्टेडिंग'ची माहिती पाठवली. स्कॉटलंडमधल्या मोठ्या इस्टेटींवर अठराव्या-एकोणिसाव्या शतकात शेतीच्या इमारती पद्धतशीर बांधल्या गेल्या. मधे चौक, भोवती गोठा, तबेला, धान्याचं कोठार, गाड्यांची शेड. त्या समूहाला स्टेडिंग म्हणतात. शेजारी 'बॉथी', म्हणजे बिनलग्नाच्या शेतमजुरांची राहायची खोली. तिकडे महत्त्वाच्या जुन्या इमारतींची यादी आहे, ए, बी, सी अशा तीन वर्गांत, सगळ्या मिळून सुमारे ४७ हजार. आणि त्यात नुसते राजवाडे आणि चर्च नाहीत, गोठे आणि कोठारंही आहेत. यादीतली इमारत मालकाला वाटलं म्हणून पाडता येत नाही, आधी परवानगी लागते. बऱ्याच स्टेडिंगची आता घरं झाली आहेत, पण भिंती जागेवर आहेत.

हे वाचून 'बघा, नाहीतर आपल्याकडे...' असं म्हणायचा मोह झाला होता. पण थोडं पुढे वाचलं तेव्हा कळलं की त्या देखण्या स्टेडिंगची दुसरी बाजूही आहे. शेती 'सुधारण्याच्या' त्याच काळात, विशेषतः उत्तरेकडच्या डोंगराळ भागात, जमीनदारांनी कुळांना पिढ्यान्‌पिढ्यांच्या गावांतून उठवलं आणि तिथे मेंढ्या आणल्या. कुळांना संरक्षण देणारा कायदा व्हायला १८८६ उजाडलं. म्हणजे मालकाची दगडी कोठारं यादीत, आणि उठवलेल्यांची घरं गवताखाली. तिथेही बंगला राहिला आणि झोपड्या गेल्या! फरक इतकाच की त्यांना ते पुढे खटकलं. आर्गाइलच्या ड्यूकच्या इस्टेटीवर ऑखिनड्रेन नावाची एक जुनी वाडी होती, कुळं जिथे एकत्र शेती करायची तशी. शेवटचं कूळ गेल्यावर १९६०च्या दशकात तिचं संग्रहालय केलं. ठेंगणी घरं, गोठे, कोठारं, आहेत त्या जागेवर. ड्यूकचा किल्ला बघायला जाणाऱ्याला तिथून काही मैलांवर कुळाचं घरही बघता येतं.

'जागेवर' हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. उद्या कोणी आमच्या वखारीचा काटा उचलून होमस्टेच्या लॉबीत ठेवला, वर पिवळा दिवा सोडला, तर तो छान दिसेल. वजनही खरं आहे! पण पायरीखाली उभ्या असलेल्या माणसाला तो दिसत नव्हता, हे लॉबीत कळणार नाही. ते फक्त त्या भिंतीला माहीत आहे.

आपल्याकडे कायदे नाहीत असं नाही. १९५८चा केंद्राचा आहे, १९६०चा राज्याचा आहे, मुंबईला तर १९९५ पासून हेरिटेजचे वेगळे नियम आणि ग्रेड आहेत. पण त्यांच्या नजरेला किल्ला, लेणं, देऊळ, फार तर गिरगावातला वाडा दिसतो. गोठा, खळं, वखार, भातगिरणी, मिठागराची कचेरी हे दिसत नाही. आणि गंमत बघा, आमच्या भागात किल्ला आणि शेती या वेगळ्या गोष्टीच नाहीत. तारापूरचा किल्ला घ्या. पोर्तुगीजांचा, १७३९ साली चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी घेतला, त्या वेढ्यात बाजी भिवराव पडले. पण नंतर? एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो विकाजी मेहेरजी या तारापूरच्या पारशी व्यापाऱ्याला इनाम मिळाला आणि तटाच्या आत वाडी झाली. माड, विहीर, पाट. आपल्या ट्रेकर मित्रांचे फोटो बघा, सगळे बुरुजाचे. आतल्या विहिरीचा फोटो काढायला कोणी थांबत नाही. लढाई काही दिवसांची, वाडी दोनशे वर्षांची, आणि माहितीच्या फलकाला आठवते ती लढाई.

याच गवताची एक वेगळी गोष्टही याच जिल्ह्यात आहे, ती सांगायलाच हवी. डहाणूजवळ कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९५७ साली बोर्डीहून आपलं काम घेऊन आल्या. गुरं राखणारी पोरं शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा! तिला इमारत नव्हती, म्हणून पाडायलाही काही नाही. पण ती आपल्याला आठवते, कारण तिच्याबद्दल लिहून ठेवलंय. इमारत वाचवता येत नसेल तर निदान हे करता येतं.

म्हणून माझं म्हणणं फार छोटं आहे. प्रत्येक जुनी वखार वाचणार नाही. वाढवण बंदर, बुलेट ट्रेन, मुंबई-वडोदरा एक्स्प्रेस वे, एमआयडीसीची वाढ, या सगळ्यात पालघर जिल्ह्याची जमीन येत्या दहा वर्षांत अशी काही उलटीपालटी होणार आहे की आपल्याला आजोळचा रस्ता सापडणार नाही. पण पाडण्याआधी मोजता तर येईल? एक टेप, एक वही, फोनचा कॅमेरा. कुठे दार, कुठे खिडकी, कुठून काय दिसत होतं. आणि तिथे काम केलेली जी माणसं अजून आहेत त्यांना विचारणं. मालकाच्या नातवंडांना नंतर विचारलं तरी चालेल, त्यांच्याकडे अल्बम असतात. मावशींकडे अल्बम नाही.

आणि जो कोणी 'हेरिटेज' हा शब्द वापरून रूमचं भाडं वाढवतो, त्याने सगळा हेरिटेज सांगावा. रंगीत काचा कुठून आल्या हे सांगताना त्यांचे पैसे कुठून आले हेही एका फलकावर लिहावं. पाहुणे पळून जाणार नाहीत. माझ्या अनुभवाने तर लोकांना अशा गोष्टी ऐकायला आवडतात, फक्त कोणीतरी सांगायला हवं.

होमस्टेच्या पार्टीला मी मेल केली. उत्तर अगदी सभ्य आलं. वखारीच्या जागी पार्किंग होणार आहे, गाड्या उभ्या करायला दुसरी जागा नाही, तरी पेढीचा भाग ठेवता येतो का ते आर्किटेक्टला विचारतो म्हणाले. पाचातले दोन मार्क देतो. मामाने वहीच्या सगळ्या पानांचे फोटो काढून ग्रुपवर टाकले. ग्रुप दोन दिवस शांत होता. मग त्या सरबतवाल्या मावशीने लिहिलं, "बाबांचं अक्षर किती सुंदर होतं ना." आणि खाली, पाच मिनिटांनी, "वजा ओल म्हणजे काय रे?"

मामाने तिला फोन केला. काय बोलले ते मला माहीत नाही.

वखारीची मापं आम्ही घेतली. टेपचं दुसरं टोक पाड्यावरच्या मावशींच्या नातवाने धरलं होतं. तो पालघरला डिप्लोमा करतो, सिव्हिलला, आणि माझ्यापेक्षा चांगलं ड्रॉइंग काढतो. लांबी, रुंदी, जोत्याची उंची, पट्ट्यांतल्या फटी, सगळं झालं. अंधार पडला म्हणून पेढीच्या खिडकीपासून पायरीपर्यंतचं माप राहिलंय.

पुढच्या शनिवारी पुन्हा जातोय.